दुकानात झकास दिसणारा टीव्ही घरी आणल्यावर चेहरे लालभडक का दिसतात? सेटिंग कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की 55 इंची फोर-के टीव्ही घेतला, खानापूरजवळच्या कौलारू घरात सोप्यात लावला. माणसांचे चेहरे तांबडे दिसतात, रात्रीच्या सीनमध्ये काही कळत नाही आणि मराठी चॅनेल अंधुक येतात. आणखी पैसे न घालता यात सुधारणा होईल का, असं विचारलंय. होईल, आणि बरीच होईल. मी बेळगावात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. माझं काम लोक आपापल्या घरच्या टीव्हीवर बघतात, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे.

काही वर्षांमागे निपाणीहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "नवरीचा शालू गर्द हिरवा होता, तुम्ही पोपटी करून टाकलात." मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. काकूंनी कपाटातला शालू काढला आणि टीव्हीशेजारी धरला. पडद्यावरचा खरंच पोपटी दिसत होता. रिमोट घेऊन पिक्चर मोड बघितला तर 'व्हिव्हिड'. तो 'सिनेमा' केला आणि दोन्ही शालू जवळजवळ एकसारखे दिसायला लागले. पण काकू म्हणाल्या, "आता सगळं पिवळं पिवळं वाटतंय की हो." मी म्हटलं, दोन दिवस असंच राहू द्या, नाही आवडलं तर परत बदलू. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. नातवानं मोड परत व्हिव्हिड केला होता आणि आता त्यांना सगळं चित्र निळं दिसत होतं.

तुमच्या टीव्हीचंही मूळ तिथंच असावं. दुकानात डोक्यावर ढीगभर ट्यूबलाइट आणि शेजारी वीस टीव्ही असतात, त्यात उठून दिसावं म्हणून व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोडमध्ये रंग भडक आणि पांढरा निळसर केलेला असतो. सिनेमा किंवा मालिका तयार करणारे मात्र आपले मॉनिटर 6500 केल्विनच्या पांढऱ्यावर लावतात. हे जगभरचं ठरलेलं प्रमाण आहे. एचडीसाठी रंगांचंही प्रमाण आहे, त्याला रेक 709 म्हणतात. या दोन्हींच्या सगळ्यात जवळ जाणारा मोड म्हणजे 'मूव्ही', 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. तो निवडा आणि कलर टेंपरेचर, म्हणजे पांढरा निळसर की पिवळसर ते ठरवणारं सेटिंग, 'वॉर्म' ठेवा. सॅमसंगमध्ये 'वॉर्म 2' मिळेल, सोनीत 'एक्स्पर्ट 1'. पहिल्या संध्याकाळी पिवळं वाटेल, कारण डोळा निळ्याला सरावलेला असतो. तेवढा वेळ डोळ्याला द्या.

त्याआधी एक तपासा. टीव्ही पहिल्यांदा चालू करताना 'होम' की 'स्टोअर' असं विचारतो. बसवायला आलेल्या पोरानं घाईत 'स्टोअर' दाबलं असेल, तर तुम्ही काहीही बदला, थोड्या वेळानं टीव्ही आपोआप भडक होतो. तो आधी 'होम' करून घ्या.

आता अंधाऱ्या सीनचं. इथं बहुतेकांचा घोळ नावांमुळे होतो. 'बॅकलाइट' म्हणजे पडद्यामागचा दिवा किती जोरात पेटतो ते. 'ब्राइटनेस' म्हणजे काळा किती काळा राहतो ते. 'कॉन्ट्रास्ट' म्हणजे पांढरा कुठवर जातो ते. पण सोनीच्या अँड्रॉइड टीव्हीत 'ब्राइटनेस' हाच बॅकलाइट असतो आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' वेगळी असते. तेव्हा नावावर जाऊ नका, बटण हलवून काय बदलतंय ते बघा.

इंटरनेटवर चाचणीच्या पट्ट्या मिळतात, त्या पेनड्राइव्हवर घेऊन लावता येतात. डिजिटल व्हिडिओत उजेड 0 ते 255 अशा आकड्यांत मोजतात, त्यात काळा म्हणजे 16 आणि पांढरा म्हणजे 235. काळ्याची पट्टी लावल्यावर 17-18 च्या रेघा जेमतेम दिसाव्यात, 16 च्या खालचं काही दिसू नये. पण मी घरोघरी पट्ट्या लावत बसत नाही. घरातल्या लग्नाचा चांगला शूट केलेला व्हिडिओ काढतो. नवरदेवाचा काळा कोट किंवा नवरीचा अंबाडा असलेला सीन थांबवून ठेवतो. रात्री दिवे मालवून ब्राइटनेस खाली नेत जातो. कोटाच्या चुण्या आणि केसांच्या बटा नाहीशा व्हायला लागल्या की एक-दोन घर परत वर. वर जास्त नेलं तर काळा कोट राखाडी होतो, तेही नको.

कॉन्ट्रास्टसाठी मुंडावळ्या बघायच्या. कपाळावरचे मोती एकेक सुटे दिसले पाहिजेत. कॉन्ट्रास्ट जास्त असला की ते सगळे मिळून एक पांढरी दोरी होते आणि पांढऱ्या शर्टावरच्या इस्त्रीच्या घड्या उडून जातात. मोती सुटे होईपर्यंत खाली आणा. ही माझी सगळ्यात भरवशाची खूण आहे, पट्ट्यांइतकीच चालते. मात्र व्हिडिओ मूळ फाइलचाच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओतले मोती आधीच विरघळलेले असतात.

बॅकलाइट मात्र खोलीप्रमाणे ठेवायचा. कौलारू घर म्हणजे एखादं काचेचं कौल असणारच. दुपारी त्यातून पडणारी उन्हाची चौकट पडद्यावरून सरकत जाते, तेव्हा कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. मी असतो तर टीव्हीची भिंत बदलली असती, निदान त्या कौलाखाली कापड ताणलं असतं. पावसाळ्यात तुमच्याकडं दुपारीही संध्याकाळ असते, तेव्हा बॅकलाइट कमी लागतो. म्हणून दोन मोड बांधून ठेवा, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. रंग आणि वॉर्म दोन्हीत तेच, फक्त उजेड वेगळा. 'इको' किंवा 'एनर्जी सेव्हिंग' बंद करा, नाहीतर टीव्ही आपल्याच मनानं उजेड कमी-जास्त करत बसतो. रात्री ट्यूबलाइट काचेत दिसत असेल तर ती मालवून टीव्हीच्या मागं, भिंतीवर उजेड पडेल असा छोटा पांढरा दिवा लावा. डोळ्यांवर ताण कमी येतो आणि काळाही जास्त काळा वाटतो.

शार्पनेस कमी करा. बातम्यांच्या खालच्या पट्टीतल्या अक्षरांभोवती पांढरी कड दिसते, ती मूळ चित्रात नसते, टीव्ही ती घालतो. कड जाईपर्यंत खाली या. काही टीव्हीत शून्यावर चित्र धूसर होतं, सोनीत मधला 50 हाच साधा आकडा. मोशन स्मूदिंगही बंद: एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा जुन्यांत 'ऑटो मोशन प्लस'. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः रचून घालतो आणि सिनेमाची मालिका होऊन जाते. क्रिकेटला हवं तर चालू ठेवा.

आणि मराठी चॅनेल. यात तुमच्या टीव्हीचा दोष नाही. आपल्या सीमाभागात डीटीएचवाले कर्नाटकाचा पॅक देतात, त्यात कन्नड चॅनेल येतात आणि मराठी आपण वरून जोडून घेतो. जोडताना पैसे वाचवायला बहुतेक घरांत एसडी घेतात. एसडीचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, तुमचा पडदा 3840 बाय 2160 चा. म्हणजे एका ठिपक्याचे वीस ठिपके करून टीव्ही पडदा भरतो. तिथं कुठलाही मोड चालणार नाही. रोज बघायचे दोन-तीन मराठी चॅनेल एचडीत घ्या, बाकीचे एसडीत राहू देत. सेटटॉप बॉक्स एचडी आहे ना, तो एचडीएमआय वायरनंच जोडलाय ना आणि त्याचं आउटपुट 1080 वर आहे ना, तेही बघा. कित्येक घरांत नव्या टीव्हीला जुन्या बॉक्सची लाल-पांढरी-पिवळी वायरच लावलेली मी बघितली आहे. कडेची अक्षरं कापली जात असतील तर स्क्रीन साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन' असं काहीतरी सापडेल.

बऱ्याच टीव्हीत ही सेटिंगं प्रत्येक एचडीएमआयला वेगळी धरली जातात. बॉक्सवर सगळं नीट लावून पेनड्राइव्ह लावला तर परत व्हिव्हिडच समोर येतो. 'सगळ्या इनपुटला लावा' असा पर्याय असेल तर तो दाबा. ओटीटीवर एचडीआर (जास्त उजळ पांढरा आणि जास्त गडद काळा दाखवणारा) सिनेमा लागला की सेटिंगचा आणखी तिसराच संच चालू होतो. तिथंही मोड सिनेमाच ठेवा, पण बॅकलाइट पूर्ण राहू द्या, एचडीआरला तो लागतो.

दुसऱ्या कुणाचे व्हाइट बॅलन्सचे (पांढऱ्यातला लाल-हिरवा-निळा कमी-जास्त करायचे) आकडे मात्र उतरवून घेऊ नका. एकाच मॉडेलचे दोन पॅनेलसुद्धा सारखे नसतात. पडद्याचे रंग मोजायचं यंत्र माझ्याकडं आहे, पण ते माझ्या एडिटिंगच्या मॉनिटरसाठी. घरच्या टीव्हीला त्याचा खर्च करावा असं मला वाटत नाही, वर सांगितलं तेवढ्यानं बराचसा फरक पडतो.

टीव्हीचं मॉडेल आणि सेटटॉप बॉक्स कुठला ते खाली लिहा. तुमच्या मेन्यूत कुठलं बटण कुठल्या नावानं आहे ते बघून सांगतो.