७ इंची हँडहेल्डवर जुने टीव्ही गेम : वापरून झालेलं मत

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, नाशिकरोड–मुंबई प्रवासात आणि घरी मुलासोबत जुने गेम खेळायला ७ इंची अँड्रॉइड हँडहेल्ड (हातात धरायचं गेम यंत्र) घ्यावा, ५.५ इंची घ्यावा, की आहे त्या फोनलाच कंट्रोलर जोडून भागवावं. दुसरी तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे: फोनवर कॉन्ट्रा लावला की तो लहानपणीपेक्षा घाईघाईत पळतो, मग इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) खराब आहे का? मी या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर कळलं की पडदा कसा निवडायचा हेही बरंचसं कळतं.

इम्युलेटर खराब नाही, आणि तुमची आठवणही बरोबर आहे. निन्टेन्डोचा जपान-अमेरिकेतला मूळ संच (अमेरिकेतलं नाव ‘नेस’) तिथल्या एनटीएससी पद्धतीच्या टीव्हीसाठी सेकंदाला साधारण ६० चित्रं काढायचा. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला ५०. नव्वदच्या दशकात आपण मेनरोडवरून, शालिमारवरून जे टीव्ही गेम आणले, किंवा आमच्या सिडकोत जे तासावर खेळायला मिळायचे, ते बहुतेक निन्टेन्डोचे नव्हतेच. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांच्या चिपांवर उभ्या राहिलेल्या त्या नकला होत्या, आणि आपल्या टीव्हीला जुळाव्यात म्हणून ५० हर्ट्झवर चालायच्या. त्या काळच्या गेममध्ये वेग चित्रांवर बांधलेला असतो. प्रत्येक चित्राला मारिओ अमुक पिक्सेल पुढे, असा हिशेब. चित्रं ६० ची ५० झाली की अख्खा गेम सुमारे १७ टक्के हळू होतो. उडी तेवढीच उंच, पण हवेत जास्त वेळ. आपली बोटं त्या संथ उडीवर तयार झाली आहेत, म्हणून आज ६० वर खेळताना पहिल्याच खड्ड्यात पाय जातो.

यावर लोक सरळ ‘पाल’ हा पर्याय निवडतात आणि मग संगीत बेसूर वाटतं म्हणून सोडून देतात. इथेच खरी मेख आहे. युरोपात विकल्या गेलेल्या अधिकृत पाल संचात प्रोसेसरच १.६६ मेगाहर्ट्झवर चालायचा, मूळ १.७९ च्या जागी. आवाजही त्याच घड्याळावर तयार होत असल्याने सूर अर्ध्या स्वरापेक्षा थोडा जास्तच खाली उतरतो. नकला करणाऱ्यांनी मात्र घड्याळ १.७७ वर ठेवलं, आणि चित्र काढून झाल्यावरचा रिकामा वेळ असा सरकवला की एनटीएससीसाठी लिहिलेले गेम न बिघडता चालावेत. म्हणून आपल्या संचात लय हळू होती, पण सूर जवळपास मूळचाच. रशियात १९९२ च्या अखेरीस ‘डेंडी’ नावाने अशीच एक नक्कल विकायला आली आणि प्रचंड चालली. त्यामुळे इम्युलेटरमध्ये या पद्धतीला तेच नाव चिकटलं. रेट्रोआर्च या इम्युलेटर अ‍ॅपमध्ये एफसीईयूएमएम, नेस्टोपिया किंवा मेसेन कोर (एकेका संचाची नक्कल करणारा भाग) घ्या, कोरच्या पर्यायांत ‘रीजन’ शोधा, ‘ऑटो’ काढून ‘डेंडी’ करा आणि गेम बंद करून पुन्हा सुरू करा. पहिल्या पडद्याचं संगीत वाजलं की तुमचं तुम्हालाच कळेल. मला वाटतं, भारतात वाढलेल्या माणसाने इम्युलेटरमध्ये सगळ्यात आधी बदलावी अशी हीच एक सेटिंग आहे, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

मुलाला मात्र ६० वरच खेळू द्या. त्याच्या बोटांना जुनी सवय नाही, आणि बनवणाऱ्यांनी वेग ६० धरूनच आखला होता.

आता पडदा. ५० चित्रं ६० हर्ट्झच्या पडद्यावर दाखवायची म्हणजे दर पाचातलं एक चित्र दुप्पट वेळ थांबतं. सेकंदाला असे दहा हिसके बसतात, आणि आडव्या सरकणाऱ्या गेममध्ये ते डोळ्यांना स्पष्ट खुपतात. १२० हर्ट्झच्या पडद्यावर तीच चित्रं कधी दोन, कधी तीन फेऱ्या टिकतात. फरक उरतो, पण इतका बारीक की खेळताना जाणवत नाही. माझ्याकडे ओडिन २ पोर्टल हा हँडहेल्ड आहे: ७ इंची ओलेड, १९२० बाय १०८०, १२० हर्ट्झ. तो घेतानाचं माझं मुख्य कारण हेच होतं. ‘जुन्या गेमला १२० हर्ट्झ कशाला हवेत’ असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांनी ५० हर्ट्झचा गेम ६० च्या पडद्यावर नीट बघितलेला नसतो.

आकाराचं गणित जाहिरातीतल्या इंचांवर करू नका. जुने गेम ४:३ चे, पडदा १६:९ चा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणार, म्हणजे उपयोगाची असते ती पडद्याची उंची. ७ इंची पडद्यावर ४:३ चं चित्र सुमारे ५.७ इंचाचं येतं. ५.५ इंचीवर, उदाहरणार्थ रेट्रॉइड पॉकेट ५ वर, ते ४.५ इंचाचं होतं. आणि तुमचा ६.७ इंची फोन हल्लीच्या २०:९ आकाराचा असेल तर त्यावरही फक्त ४.६ इंच! फोन मोठा दिसतो खरा, पण जुन्या गेमसाठी तो ५.५ इंची हँडहेल्डएवढाच आहे. चाळिशीकडे झुकलेल्या डोळ्यांना ५.७ आणि ४.५ मधला फरक चांगलाच कळतो, विशेषतः मजकूर वाचावा लागतो अशा गेममध्ये. ओलेडचा काळा खरोखर बंद असलेला काळा असतो, त्यामुळे त्या पट्ट्या अंधारात दिसतच नाहीत.

पीएसपीचं (सोनीचं हातात धरायचं जुनं गेम यंत्र) तर या पडद्याशी जणू लग्नच लागलंय. मूळ पडदा ४८० बाय २७२ होता. त्याला चारने गुणलं की १९२० बाय १०८८ येतं, म्हणजे आठ ओळी सोडल्या तर तंतोतंत. पीपीएसएसपीपी या त्याच्या इम्युलेटरमध्ये रेंडरिंग रिझोल्यूशन ४ पट ठेवा, बाकी काही छेडू नका. नेसचं उलट आहे. त्याच्या २४० ओळी १०८० मध्ये साडेचार वेळा बसतात, आणि अर्धी पट पिक्सेलला मानवत नाही. काही ओळी जाड, काही बारीक दिसतात. ‘इंटीजर स्केल’ चालू करून चौपट, म्हणजे ९६० ओळींवर समाधान माना, किंवा एखादा हलका सीआरटी शेडर (जुन्या काचेच्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा फिल्टर) लावा, तो ही उणीव झाकतो. मी शेडरच वापरतो. त्या काळच्या चित्रकारांनी टीव्हीवर चित्र जरा पसरून मऊ दिसतं हे गृहीत धरून रंग भरले होते, आणि कोरीव चौकोनी पिक्सेल आपण कधी पाहिलेच नव्हते.

चिपबद्दल थोडक्यात. पोर्टलमध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन २ आहे, पॉकेट ५ मध्ये ८६५. तुम्ही लिहिलेल्या यादीसाठी, म्हणजे टीव्ही गेम, पीएस१ (पहिलं प्लेस्टेशन) आणि पीएसपीसाठी, दोन्ही गरजेपेक्षा जास्त आहेत. तुमचा फोनही पुरतो. चिपसाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते पीएस२ आणि गेमक्यूबसाठी. त्यातही पीएस२ची गोष्ट अशी की अँड्रॉइडवरच्या एथरएसएक्स२ या इम्युलेटरचं काम विकासकाने २०२३ च्या सुरुवातीला थांबवलं. नंतर लोकांनी त्याचीच डागडुजी करून नेदरएसएक्स२ चालवलं. चालतं चांगलं, पण दर गेमला काहीतरी जुळवत बसावं लागतं. पीएस१साठी डकस्टेशन हा इम्युलेटर घ्या आणि त्यात पीजीएक्सपी ही सेटिंग चालू करा. मूळ यंत्र त्रिमितीतल्या बिंदूंची जागा पूर्णांकात गोल करायचं, म्हणून भिंती आणि रस्ते थरथरताना दिसायचे. ते थांबतं.

हातातलं वजन आणि डी-पॅड (दिशांचं अधिक-चिन्हासारखं बटण), याबद्दल मी अधिक बोलेन, कारण यावर लोक पैसे देऊन झाल्यावर विचार करतात. ७ इंची यंत्र आडवं पडून, छातीवर हात उंचावून खेळायचं नाही. मांडीवर उशी घ्या किंवा टेबलावर कोपर टेका. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसायला जागा मिळाली तर बॅग मांडीवर आणि यंत्र बॅगेवर, हे छान जमतं. उभ्याने प्रवास असेल तर ७ इंची विसरा, ५.५ इंचीच घ्या. डी-पॅडची परीक्षा कॉन्ट्रामध्येच करा: पळता पळता तिरकं वर गोळी मारायची आणि न अडखळता पुन्हा सरळ यायचं. डी-पॅड वर आणि स्टिक खाली आहे की उलट, हे फोटोत बघून घ्या. फक्त टीव्ही गेम खेळणाऱ्याचा डावा अंगठा सगळा वेळ डी-पॅडवरच असतो, आणि तो सतत खाली वाकवून ठेवला तर तासाभरात मनगट बोलायला लागतं. स्टिक हॉल सेन्सरच्या आहेत याचं कौतुक मला आहे. चुंबकावर चालतात, घासणारा भाग नाही, त्यामुळे काही वर्षांनी स्टिक आपोआप एका बाजूला ओढायला लागण्याचं भय कमी.

बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत जो उशीर होतो, त्याला रेट्रोआर्चमध्ये ‘रन-अहेड’ नावाचा उपाय आहे. इम्युलेटर गेम एक चित्र पुढे चालवून तेच आधी दाखवतो, म्हणजे गेमच्या आतलाच उशीर कापला जातो. नेससाठी १ ठेवा. हव्यासाने ३-४ केलं तर हालचाली गिळल्यासारख्या दिसतात. ब्लूटूथ इअरफोन प्रवासात सोयीचे, पण गोळी आधी आणि आवाज मागून. ३.५ मिमीची तार वापरा. फोनवरच राहणार असाल तर कंट्रोलरही यूएसबी-सीचा घ्या, ब्लूटूथचा नको.

पोर्टलची बॅटरी ८००० एमएएच. टीव्ही गेम, पीएस१ असलं हलकं काम असेल तर मुंबईला जाऊन परत येईपर्यंत चार्जर आठवत नाही. पीएस२ला ती झपाट्याने उतरते, आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या दुपारी पंखा सतत फिरतो.

मेमरी कार्डावर हात आखडू नका. एमजी रोडवर चांगली कार्डं मिळतात, पण बिल मागून घ्या, आणि भरण्याआधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण क्षमता तपासा. खोटं कार्ड सुरुवातीला सगळं नीट घेतं आणि नंतर भरलेल्या फाइल हरवतात. पीएस१च्या डिस्क सीएचडी या दाबलेल्या फाइलच्या रूपात बदलून ठेवा. जागा बरीच वाचते आणि एका गेमची एकच फाइल राहते. दोन-तीन डिस्कच्या गेमसाठी एम३यू यादी (सगळ्या डिस्कची नावं असलेली साधी फाइल) करा, म्हणजे डिस्क बदलताना सेव्ह जागेवर राहतं. सेव्ह फाइलचा आठवड्याला बॅकअप घ्या. गेम पुन्हा मिळतो, मुलाने महिनाभर खेळून केलेली प्रगती मिळत नाही.

गेम आणायचे कुठून, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली, कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला संगणकीय प्रोग्रामची बॅकअप प्रत करायची मुभा आहे. माझ्या पीएस१च्या जुन्या डिस्क मी संगणकाच्या ड्राइव्हवर वाचून घेतल्या आहेत, आणि हौशी मंडळींनी नेससाठी नव्याने लिहिलेले ‘होमब्रू’ गेमही विकत घेतो. त्यातले काही फार सुंदर आहेत. हजारो गेम भरलेलं कार्ड सोबत देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. ती कार्डं हलक्या प्रतीची असतात, आणि इतकी मोठी यादी समोर असली की कुठलाच गेम धड खेळून होत नाही.

खरेदीबद्दल: ही यंत्रं बहुतेक वेळा परदेशातूनच मागवावी लागतात. संकेतस्थळावरची किंमत म्हणजे तुमची किंमत नव्हे. त्यावर सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क लागतं. केवायसीची कागदपत्रं आधीच तयार ठेवा. माझं पार्सल एका कुरिअरकडे निव्वळ कागदांसाठी अडकून पडलं होतं. दुरुस्तीची सोय जवळ नाही हे धरूनच पैसे घाला, आणि पडद्यावर पहिल्याच दिवशी टेम्पर्ड काच लावा.

तुमच्या गरजेसाठी माझं मत असं: प्रवासात जागा मिळते आणि घरी मुलासोबतही खेळायचं आहे, तर ७ इंची. पीएस२ नकोच असेल आणि खिशाचा विचार असेल, तर आत्ताच्या फोनवर डेंडीची सेटिंग करून, यूएसबी-सी कंट्रोलर लावून महिनाभर खेळा आणि मग ठरवा. दोघांनी कॉन्ट्रा खेळायचा असेल तर यंत्र यूएसबी-सीवरून टीव्हीला जोडा, टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा आणि दोन वेगळे कंट्रोलर घ्या. मी गंगापूर रोडला राहतो. रविवारी सकाळी वेळ असेल तर कळवा, पैसे गुंतवण्याआधी माझं यंत्र तासभर हातात धरून बघा. मुलालाही आणा, त्याचे हात केवढे आहेत यावरही बरंच ठरेल.