सरकारी नोकरीऐवजी सरकारी कामकाजावर पीएच.डी.?

नमस्कार भाऊसाहेब,

पत्र मिळालं. तुम्ही तहसील कार्यालयात अव्वल कारकून. लेक मानसशास्त्रात एम.ए. झाली, एमपीएससीचे दोन प्रयत्न झाले आणि आता म्हणते, सरकारी कर्मचारी कामावर कसे वागतात, का वागतात, यावर पीएच.डी. करायची. "नोकरी लागायची सोडून नोकरीवर अभ्यास करून पोट भरतं का?" असं तुम्ही विचारलंय. बापाच्या काळजीतून आलेला प्रश्न आहे, म्हणून आधी पैशाचंच बोलू.

यूजीसी-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. वयाची अट ३० वर्षांची आहे, पण मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. तुमच्या प्रवर्गाला जी लागू असेल तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. पैसे वेळेवर येतीलच असं मात्र धरून चालू नका, घरात सहा महिन्यांची सोय असू द्या. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी निघतात, हे तिला आजच स्पष्ट सांगा. पण वाट तेवढीच नाही. संशोधन संस्था आहेत, प्रशासकीय प्रशिक्षणाचं क्षेत्र आहे (पुण्याची यशदा तुम्हाला ठाऊकच असेल), आणि काही सार्वजनिक उपक्रम मनुष्यबळ विभागाच्या भरतीत नेटचे गुण धरतात.

आता मला खरी काळजी वाटते ती तिच्या विषयाची. पत्रासोबत तिनं लिहिलेलं शीर्षक आहे, 'शासकीय कर्मचाऱ्यांच्या कार्यप्रेरणेचा अभ्यास'. यातून काय होतं ते मी पाहिलंय. तीनशे छापील प्रश्नावल्या साहेबांच्या सहीनं वाटल्या जातात. ज्याचा गोपनीय अहवाल साहेब लिहिणार, तो माणूस त्या कागदावर खरं का लिहील? 'पूर्णपणे सहमत'वर खुणा करून गठ्ठा परत येतो आणि त्यावर तीन वर्षं जातात. प्रश्नावली वाईट नाही. पेरी आणि वाइज या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्ये लोकसेवेच्या प्रेरणेची कल्पना मांडली, १९९६ मध्ये पेरींनी ती मोजण्याची मापनपट्टी केली, आणि जगभर ती वापरतात. ती तिनं शिकावीच. पण सुरुवात तिथून नको.

सुरुवात तुमच्या टेबलावरून होऊ शकते. २००५ चा बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा सांगतो की सर्वसाधारणपणे फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. कायदा एक, इमारत एक, साहेबही तेच. तरी एका संकलनाची, म्हणजे एका टेबलाची, कार्यविवरण नोंदवही (आलेल्या आणि निकाली निघालेल्या प्रकरणांची नोंद) उघडली तर साप्ताहिक गोषवाऱ्यात शिल्लक दोन-चार प्रकरणं, आणि शेजारच्या संकलनाला गठ्ठे सुटत नाहीत. का? माणूस आळशी म्हणून, की त्याच्याकडे दोन पदांचा कार्यभार म्हणून, की सही करून अडकण्याची भीती म्हणून? हा संशोधनाचा प्रश्न झाला. याचं उत्तर नोंदवही आणि माणूस, दोन्ही वाचल्याशिवाय मिळत नाही.

अशा कामाला वजन असतं. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था आणि आरोग्य प्रशासन यांनी मिळून उपकेंद्रांतल्या नर्सताईंच्या हजेरीसाठी तारीख-वेळ छापणारी यंत्रं दिली. दिवसातून तीनदा ठसा उमटवायचा. बॅनर्जी, डुफ्लो आणि ग्लेनर्स्टर या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास २००८ मध्ये छापला. आधी हजेरी चांगली वाढली, पण सोळा महिन्यांनी फरक उरला नाही. यंत्र फसलं नव्हतं, प्रशासनच हजेरीतून सूट दिलेले दिवस वाढवत गेलं. नुसत्या प्रेरणेच्या गुणांवरून हे कधी कळलं असतं?

आपल्याकडे लखीना पॅटर्नचं नाव आजही निघतं. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी टेबलांची मांडणी, अभिलेख, नागरिकांना एका खिडकीवर उत्तर, सगळं बदललं. अधिकारी बदलून गेल्यावर अशा सुधारणेतलं किती टिकतं आणि ते कोण टिकवतं? लेकीनं हा प्रश्न धरला तर मला फार आनंद होईल.

एक पथ्य पाळा. तुमच्या स्वतःच्या कार्यालयात तिला अभ्यास करू देऊ नका. सहकारी तिच्याशी मोकळं बोलणार नाहीत, आणि बोलले तर उद्या तुम्हाला जड जाईल. दुसरा तालुका, कार्यालय प्रमुखाची लेखी परवानगी, आणि कर्मचाऱ्यांची नावं कुठंही नाहीत, असं असावं. तुम्ही तिला नोंदवह्या वाचायला शिकवा. सहा गठ्ठे पद्धत, आवक-जावक, टिपणी कशी चढते आणि कुठं अडते, हे शिकायला बाहेरच्या संशोधकाला वर्ष लागतं.

मार्गदर्शक निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा त्यांचे आधीचे विद्यार्थी प्रत्यक्ष कार्यालयात बसले होते का, हे तिनं विचारावं. प्रवेश लोकप्रशासनात घ्यावा की मानसशास्त्रात, हे त्यावरूनच ठरेल.

अर्ज भरण्याआधी तिला दोन पानं लिहायला सांगा: एक प्रश्न, एक कार्यालय, आणि तिथं ती कोणते कागद पाहणार. ती पानं मला पाठवा. शीर्षक नंतर बघू.