वाचकांचे प्रश्न : नर्मदेचे पाणी पत्र्यासारखे का दिसते?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी तैलरंगात निसर्गचित्रे काढू लागलो आहे. गेल्या हिवाळ्यात महेश्वरच्या घाटावर बसून नर्मदेचे एक चित्र पूर्ण केले. त्याचे छायाचित्र सोबत पाठवीत आहे. पायऱ्या, होड्या आणि नदीच्या मधोमध असलेले बाणेश्वराचे देऊळ बरे उतरले आहे, परंतु पाणी निळ्या पत्र्यासारखे दिसते. इम्प्रेशनिस्ट, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील क्षणाक्षणाला बदलणारा उजेड टिपणाऱ्या फ्रेंच चित्रकारांच्या नद्या मात्र छापील पुस्तकातही हलताना भासतात. हे कशामुळे होते? आणि त्यांच्याप्रमाणे काळा रंग मी पूर्णपणे टाळावा का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : देऊळ खरोखरच चांगले जमले आहे. त्याचा दगड रंगविताना आपण समोर पाहत होता. पाणी रंगविताना मात्र ‘नदी निळी असते’ या समजुतीवर विसंबलात. त्यामुळे खालच्या पायरीपासून पैलतीरापर्यंत एकच निळा पसरला आहे आणि दूर जाताना त्यात थोडा पांढरा मिसळला आहे, एवढेच.

पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्याला दोन गोष्टी एकावर एक दिसत असतात: आतून येणारा उजेड, म्हणजे तळ आणि गाळ यांचा रंग, आणि वरून परावर्तित होणारा, म्हणजे आकाश व काठ यांचा. या दोहोंचे प्रमाण नजरेच्या कोनावर ठरते. पायरीवरून सरळ खाली पाहिले, तर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत येतो. म्हणून पायाशी आपल्याला हिरवट-तपकिरी पाणी आणि बुडालेली पायरी दिसते. नजर जसजशी तिरपी होत जाते तसतसे परावर्तन वाढते, आणि दूरवर जवळजवळ सगळे आकाशच उरते. एकाच नदीत अशा रीतीने तळाकडून आभाळाकडे जाणारा प्रवास असतो, आणि आपल्या चित्रातून नेमका तोच गळला आहे. यातही एक बारकावा आहे. दूरच्या पाण्यावर लहान लाटांच्या आपल्याकडे कललेल्या बाजूच अधिक दिसतात, आणि त्या क्षितिजालगतच्या फिकट आकाशाऐवजी बऱ्याच वरचे, गडद निळे आकाश दाखवितात; म्हणून निरभ्र दिवशी वाऱ्याने शहारलेले पैलतीराजवळचे पाणी त्यावरच्या आकाशापेक्षा सहसा गडद असते. आपण तिथे पांढरा मिसळून उलट केले आहे.

हालचालीचा भास फटकाऱ्यांतून येतो. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रेनवार या पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांनी पॅरिसजवळ सीन नदीवरच्या ला ग्रनुइएर या जलविहाराच्या जागी शेजारी बसून चित्रे काढली. त्यांतील मोनेच्या चित्रात पुढचे पाणी म्हणजे रुंद, चपट्या कुंचल्याचे आडवे फटकारे आहेत: एक आकाशाचा, एक झाडाच्या हिरव्याचा, एक गडद सावलीचा. ते एकमेकांत घोटलेले नाहीत, शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि दूर जाताना ते बारीक व दाट होत जातात. याला निव्वळ शैली समजू नये, कारण पाणीही तसेच वागते. प्रत्येक लाटेची एक बाजू आकाश दाखविते, दुसरी काठ. मधल्या छटा फार थोड्या असतात. आपण मऊ कुंचल्याने दोन्ही रंग घोटून एक केले, तिथेच पाणी थिजले.

बाणेश्वराचे प्रतिबिंब आपण देवळाएवढेच, फक्त उलटे, काढले आहे. तसे ते निश्चल पाण्यातच दिसते. किंचित जरी तरंग असले तरी प्रतिबिंब आपल्या दिशेने लांबते आणि आडव्या तुकड्यांत फुटते. म्हणजे उभा आकार आडव्या फटकाऱ्यांनीच रचावा लागतो. त्याखेरीज उजळ वस्तूचे प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडे मंद, आणि गडद वस्तूचे तिच्यापेक्षा थोडे उजळ असते.

महेश्वरचा घाट उत्तर तीरावर असल्याने तिथे बसणारा दक्षिणेकडे पाहतो, आणि हिवाळ्यात सूर्यही त्याच बाजूला असतो. पाण्यावरचा लखलखाट त्यामुळे थेट डोळ्यांत येतो. तो पांढऱ्या ठिपक्यांनी दाखविण्याचा मोह सर्वांनाच होतो, मलाही होत असे. मोनेने १८७२ च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या ल हाव्र बंदराच्या चित्रात केलेली युक्ती अधिक शहाणपणाची आहे. त्यातला नारिंगी सूर्य भोवतालच्या करड्या-निळ्या आकाशाहून फारसा उजळ नाहीच. त्या चित्राचे कृष्णधवल छायाचित्र घेतले तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. तो पेटलेला वाटतो तो निळ्याशेजारी त्याचा पूरक, म्हणजे रंगचक्रात त्याच्या समोर येणारा, नारिंगी ठेवल्यामुळे. आपणही सर्वांत उजळ पांढरा दोन-चार जागीच राखावा, आणि उरलेली चमक फिकट पिवळ्या-नारिंगी फटकाऱ्यांनी जांभळट निळ्यावर उभी करावी.

हे सगळे परदेशी वाटत असेल तर नारायण श्रीधर बेंद्रे आठवावेत. १९१० साली इंदुरातच जन्मलेल्या आणि इथल्या कलाशाळेत देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेल्या या चित्रकाराच्या सुरुवातीच्या निसर्गचित्रांवर त्याच उघड्यावरच्या उजेडाचा ठसा आहे.

काळ्या रंगाविषयी थोडक्यात. तो सर्वांनीच वर्ज्य केला होता असे नाही. एदुआर माने (हा मोनेहून वेगळा चित्रकार) आणि रेनवार यांनी तो मोकळेपणाने वापरला. मोनेने पुढे तो सोडला, कारण सावलीतही आकाशाचा निळा उजेड उतरलेला त्याला दिसत होता. आपल्या चित्रात काळा खटकतो तो फक्त होडीच्या खाली, जिथे पाण्याला भोक पडल्यासारखे दिसते. तिथे अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून होडीपेक्षा किंचित उजळ छटा लावावी. खुद्द होडीच्या डांबर फासलेल्या कडेला काळा राहू द्यायला माझी हरकत नाही.