वेल्डिंग केलेला सांधा दिसू नये म्हणून काय करायचं?
भिंतीवरच्या शोभेच्या जुन्या बंदुकीचा ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीची कडी, वेल्ड केलास ना, मग ग्राइंडरने एकदम लेव्हलला आणू नको रे, थोडा उंचवटा ठेवूनच थांब आणि पुढचं सगळं कानशीने. वरून मार्करची शाई फासायची, कानस मारली की उंच जागेवरची शाई जाते, खड्ड्यातली तशीच राहते. बारीक भोक दिसलं तर परत टिग वेल्डिंगचा ठिपका, पुट्टी नको. मग लाकडी ठोकळ्यावर एमरी पेपर १२०, २२०, ४००. ब्लूइंग, म्हणजे रसायनाने लोखंडावर निळा-काळा थर चढवणं, करायचं असेल तर फिलर रॉड (वेल्डमध्ये वितळवून भरायची सळी) मूळ लोखंडाशी जुळणारा घे, नायतर सांधा वेगळ्याच रंगाचा उठून दिसतो, माझा तसाच झालाय. आणि इथे वास्कोत पावसात बोटांचे ठसेसुद्धा गंजतात, लगेच तेल पुस.