अन्नातले घातक जिवाणू आणि नॅनोकण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अन्नातून विषबाधा करणारा साल्मोनेला जिवाणू शोधणाऱ्या चाचणी-पट्टीवर निकाल १५ मिनिटांत दिसतो. मग नमुना रात्रभर का उबवायचा?

कारण २५ ग्रॅम अन्नात एकही जिवंत साल्मोनेला चालत नाही. समजा त्यात एकच पेशी आहे. ते अन्न २२५ मिलि. बफर्ड पेप्टोन वॉटर या पोषक द्रवात मिसळले की ती पेशी २५० मिलि. मिश्रणात कुठेतरी असते. पट्टीवर आपण जेमतेम ०.१ मिलि. टाकतो, त्यात ती येण्याची शक्यता अडीच हजारांत एक. शिवाय जिवाणूला चिकटणाऱ्या सोन्याच्या नॅनोकणांची (अतिसूक्ष्म कणांची) लाल रेघ डोळ्यांना दिसायला साधारणपणे दर मिलिलिटरला लाखभर पेशी लागतात. २५० मिलि.त म्हणजे अडीच कोटी. एका पेशीला तिथवर पोचायला जवळजवळ २५ वेळा दुप्पट व्हावे लागते. दर २० मिनिटांचा हिशेब धरला तरी आठ तास झाले. उष्णतेने, गोठवल्याने किंवा वाळवल्याने दुखावलेल्या पेशी तर आधी सावरतात, मगच वाढतात. म्हणून ३७ अंशांना सुमारे १८ तास. ही पायरी गाळून आलेल्या ‘निगेटिव्ह’वर कुणाचेही आरोग्य सोपवू नका.

पट्टीसाठी प्रतिपिंड (जिवाणूला ओळखून चिकटणारे प्रथिन) घालताच सोन्याच्या नॅनोकणांचे लाल द्रावण जांभळे-निळे होते. काय चुकते?

कण एकमेकांना चिकटतात. सिट्रेटने तयार केलेल्या कणांना ऋणभार दूर ठेवतो, आणि प्रतिपिंडासोबत आलेले मीठ तो भार झाकते. प्रतिपिंड आधी डायलिसिस करून (पडद्यातून मीठ काढून) अगदी पातळ बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, आणा. सोन्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) पोटॅशियम कार्बोनेटने ८.५ ते ९ करा. मग छोट्या नळ्यांत १०० मायक्रोलिटर सोने घेऊन प्रत्येकीत प्रतिपिंडाची चढती मात्रा घाला, १० मिनिटांनी १० टक्के मिठाचे १० मायक्रोलिटर द्रावण टाका. ज्या सर्वांत कमी मात्रेला लाल रंग टिकतो, तिच्याहून थोडी जास्त वापरा. शेवटी १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घालून उघडे पृष्ठभाग झाका. साठवण ४ अंशांना. गोठवले तर कण पुन्हा गोळा होतात.

मांसाच्या नमुन्यातून प्रतिपिंड लावलेले चुंबकीय कण जिवाणू फारच कमी पकडतात.

बहुतेक वेळा चरबी आड येते. गाळणीच्या पिशवीतून घेतलेल्या १ मिलि. द्रवात २० मायक्रोलिटर कण घालून १० मिनिटे हलकेच फिरवा, ३ मिनिटे चुंबकाशी ठेवा. नळी चुंबकालाच लावून ठेवून द्रव काढा. वरचा चरबीचा थर आधी, सावकाश. ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य साबणासारखा पदार्थ) असलेल्या फॉस्फेट बफरने कण दोनदा धुवा आणि १०० मायक्रोलिटर बफरमध्ये घ्या. कण १०० नॅनोमीटरहून लहान असतील तर चुंबकाशी जास्त वेळ द्या, नाहीतर ते धुण्याच्या पाण्याबरोबर जातात.

पट्टी पॉझिटिव्ह, पण जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या ताटलीवर काही उगवत नाही?

प्रतिपिंडाला मेलेली आणि जिवंत पेशी सारखीच. सिट्रोबॅक्टरसारखे नातेवाईकही कधी फसवतात. उबवलेले मिश्रण ताटलीचा निकाल येईपर्यंत फेकू नका. त्यातूनच निवडक माध्यमात पुन्हा वाढवून एक्सएलडीवर (साल्मोनेला ओळखू येणाऱ्या माध्यमाच्या ताटलीवर) पसरा. नियंत्रण रेघ (पट्टी नीट चालल्याची खूण) उमटली नसेल, तर ती पट्टी बाद. नव्या पट्टीवर पुन्हा करा.