फिकट ग्रंथी धुऱ्याच्या वर की खाली?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, जठराचा शेवटचा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात, म्हणजे ड्युओडेनम, या दोन्हींच्या स्लाइडमध्ये सारख्याच फिकट ग्रंथी दिसतात, तर त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? दुसरी, बोकडाच्या वजडीवर हाताला लागणारे काटे म्हणजेच पुस्तकातील व्हिलाय, म्हणजे लहान आतड्यातील बोटांसारखे उंचवटे, का? तिसरी, महाविद्यालयाच्या पेटीतील ज्या स्लाइडवर ‘जठर’ अशी चिठ्ठी आहे, तिच्या एका टोकाला खड्डे आणि दुसऱ्या टोकाला बोटांसारखे उंचवटे दिसतात, तर चूक चिठ्ठीची की आपल्या नजरेची? तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवताना मी बरीच वर्षे स्वतः स्लाइड तयार केल्या, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

ग्रंथीकडे पाहण्याआधी धुरा शोधावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. आपल्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. पीक कोणाचे हे पिकावरून नव्हे, तर ते धुऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे आहे यावरून ठरते. पचननलिकेच्या भिंतीतही असा एक धुरा आहे. विहीर खोदताना काळी माती, मुरूम आणि खडक असे थर लागतात, त्याप्रमाणे ही भिंत आतून बाहेर पाहत गेल्यास चार थर लागतात. सर्वांत आत श्लेष्मल स्तर, त्याखाली रक्तवाहिन्या आणि चेतातंतू वाहून नेणारा सैल अधःश्लेष्मल स्तर, त्यानंतर आत वर्तुळाकार व बाहेर उभे तंतू असलेला जाड स्नायुस्तर, आणि शेवटी पातळ बाह्य आवरण. श्लेष्मल स्तराचे पुन्हा तीन भाग पडतात: पृष्ठभागावरील अभिस्तर, त्याला आधार देणारी लॅमिना प्रोप्रिया आणि तळाशी मस्क्युलॅरिस म्युकोसी नावाची स्नायूंची बारीक पट्टी. ही पट्टी म्हणजेच आपला धुरा. कमी भिंगाखाली ती गुलाबी रेघेसारखी दिसते आणि नवशिके तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

पचननलिकेच्या भिंतीतील बहुतेक ग्रंथी या रेघेच्या वरच, म्हणजे पोकळीच्या बाजूलाच, राहतात. जठराच्या ग्रंथी कितीही लांब व वेड्यावाकड्या असल्या, तरी त्या रेघेपाशी थांबतात. आतड्यातील लिबरकुनच्या नळ्या, म्हणजे पृष्ठभागातून खाली उतरणाऱ्या नळीसारख्या ग्रंथी, त्याही तिथेच थांबतात. रेघ ओलांडून अधःश्लेष्मल स्तरात उतरणाऱ्या ग्रंथी दोनच ठिकाणी भेटतात, अन्ननलिकेत आणि ड्युओडेनममध्ये. (बोकडाची अन्ननलिका पाहणार असाल, तर तिथे या ग्रंथी केवळ घशाजवळच्या टोकाला असतात, पुढे शोधण्यात वेळ घालवू नये.) ड्युओडेनममधील या ग्रंथींना ब्रुनरच्या ग्रंथी म्हणतात, योहान कॉनराड ब्रुनर यांनी 1687 मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांच्या पेशी फिकट, श्लेष्म्याने भरलेल्या आणि तळाशी दबलेल्या केंद्रकाच्या असतात, आणि जठराच्या शेवटच्या भागातील पायलोरिक ग्रंथींचे रूपही हुबेहूब असेच असते. केवळ पेशींच्या रंगरूपावरून या दोघी वेगळ्या करू पाहणारा माणूस फसतो, आणि आपला गोंधळ नेमका इथेच झाला आहे. रेघेच्या वर असेल तर पायलोरिक, खाली असेल तर ब्रुनर.

या नियमाला एक अडचण आहे, ती मात्र लक्षात ठेवावी. ब्रुनरच्या ग्रंथींना आपला स्राव आतड्याच्या पोकळीपर्यंत पोहोचवायचा असतो, त्यामुळे त्यांच्या नलिका रेघ भेदून वर येतात आणि लिबरकुनच्या नळ्यांमध्ये उघडतात. अशा ठिकाणी रेघ तुटक दिसते, आणि ग्रंथींचे काही पुंजके तिच्या वरच्या बाजूलाही सापडतात. म्हणून एकाच जागेवर निर्णय न देता स्लाइड सरकवत बरीच लांबी पाहावी आणि पृष्ठभागाची साक्ष घ्यावी. निरोगी जठराच्या पृष्ठभागावर गॉब्लेट पेशी, म्हणजे श्लेष्मा स्रवणाऱ्या पेल्याच्या आकाराच्या पेशी, नसतात, तर ड्युओडेनमच्या पृष्ठभागावर त्या असतातच. नेहमीच्या हिमॅटॉक्झिलिन-इओसिन रंगात त्यांचा श्लेष्मा नीट रंगत नाही, त्यामुळे त्या रिकाम्या पेल्यासारख्या दिसतात; पीएएस (पिरिऑडिक अॅसिड-शिफ) हा श्लेष्मा रंगवणारा रंग दिला की त्याच पेशी गडद किरमिजी होऊन उठून दिसतात.

या ग्रंथी नेमक्या तिथेच का, हा प्रश्नही आपल्या मनात आला असेल. जठरातून येणारा अन्नरस तीव्र आम्ल असतो, आणि पुढे स्वादुपिंडाची विकरे उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माध्यमात काम करतात. माणसात जेमतेम 25 सेंटीमीटर लांबीच्या ड्युओडेनममध्ये हा बदल घडवावा लागतो. स्वादुपिंडाचा रस आणि पित्त येऊन मिळण्याआधीच्या पट्ट्यात भिंतीचे रक्षण ब्रुनरच्या ग्रंथींचा बायकार्बोनेटयुक्त श्लेष्मा करतो, आणि म्हणूनच या ग्रंथींची दाटी जठराच्या दाराशी सर्वाधिक असते.

आता खड्डे आणि उंचवटे. जठराचा पृष्ठभाग सपाट असून त्यात खड्डे असतात. लहान आतड्यात उंचवटे, म्हणजे व्हिलाय, आणि त्यांच्या बुडाशी नळ्या अशी दुहेरी रचना असते. मोठ्या आतड्यात व्हिलाय नसतात, केवळ सरळ नळ्या आणि भरपूर गॉब्लेट पेशी असतात. छेद तिरका गेला, आणि तो बहुधा जातोच, की सगळीकडे गोल ठिपके दिसू लागतात. त्या वेळी अभिस्तर कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. गोलाच्या बाहेरून अभिस्तर आणि आत ऊती असेल, तर तो आडवा कापलेला व्हिलस (व्हिलायपैकी एक) आहे. मध्ये पोकळी, तिच्याभोवती अभिस्तर आणि बाहेर ऊती असेल, तर ती नळी किंवा ग्रंथी आहे. एक टेकडी, दुसरी विहीर. बोकडाच्या आतड्यात नळीच्या अगदी तळाशी लालभडक कणांच्या पॅनेथ पेशी सापडल्या, तर लहान आतड्याविषयी शंका उरत नाही. कुत्र्याच्या आतड्यात मात्र त्या शोधू नयेत, कारण तिथे त्या नसतात.

वजडीवरील काटे व्हिलाय नव्हेत. वजडीचा तो भाग बोकडाच्या जठराच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्याचा असतो. हे काटे डोळ्यांना सहज दिसतात, तर व्हिलाय जेमतेम एक मिलीमीटरपर्यंत उंच असतात आणि आतड्याला मखमलीसारखा स्पर्श देतात. व्हिलसवर पेशींचा एकच थर असतो. काट्यावर मात्र त्वचेसारखा अनेक थरांचा, केराटिनयुक्त अभिस्तर असतो. वजडी गरम पाण्यात बुडवून जी काळपट साल खरवडून काढतात, ती हीच. या कप्प्यात ग्रंथी मुळीच नाहीत, आणि गंमत म्हणजे तिथे मस्क्युलॅरिस म्युकोसीही नाही, त्यामुळे माझा धुऱ्याचा नियम वजडीवर चालत नाही. ग्रंथींचे खरे जठर हवे असेल, तर चौथा कप्पा घ्यावा. तिथे गुलाबी, गोलसर, आम्ल स्रवणाऱ्या पेशी आणि त्यांच्या खाली जांभळट, पेप्सिनोजेन (पेप्सिन या पाचक विकराचे आधीचे रूप) बनवणाऱ्या पेशी स्पष्ट दिसतात.

नमुना आणताना एक काळजी घ्यावी. एकदा मे महिन्यात आठवडी बाजारातून आतड्याचा तुकडा मी तसाच डब्यात घालून आणला. दोन-तीन तासांनी फॉर्मालिनमध्ये टाकला आणि स्लाइडवर व्हिलायचे नुसते सांगाडे मिळाले, अभिस्तर पार गळून गेला होता. आतड्याची विकरे मरणानंतर स्वतःचीच भिंत पचवू लागतात आणि आपल्याकडचा उन्हाळा त्यात भर घालतो. 10 टक्के फॉर्मालिनची बाटली सोबत न्यावी, तुकडा लहान ठेवावा आणि द्रव त्याच्या किमान दहापट घ्यावा.

राहिली पेटीतील स्लाइड. आपण लिहिले आहे की खड्डे आणि उंचवटे यांच्या मधल्या भागात खाली वर्तुळाकार स्नायूंचा जाड पट्टा आहे. तो पट्टा पायलोरिक झडपेचा असावा, आणि तसे असेल तर तो तुकडा जठर व ड्युओडेनम यांच्या सांध्यावरून कापलेला आहे; चिठ्ठी लिहिणाऱ्याने अर्धाच भाग पाहिला. खड्ड्यांच्या टोकापासून स्लाइड हळूहळू सरकवा आणि नजर रेघेवर ठेवा. आधी रेघेच्या वर असलेले फिकट पुंजके पट्ट्याच्या आसपास रेघेखाली उतरलेले दिसले, आणि त्याच सुमारास पृष्ठभागावर पहिल्या गॉब्लेट पेशी भेटल्या, तर चिठ्ठीवर ‘जठर’ या शब्दापुढे ‘व ड्युओडेनम’ असे आपल्या हाताने लिहून टाका.