समुद्राला निघालात? वाटेत तेर लागतं (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मुरूडचे, म्हणजे लातूरच्या मुरूडचे, हे दरवेळी सांगावं लागतं कारण लोकं लगेच जंजिऱ्याचं विचारायलेत. दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना घेऊन रत्नागिरीला जायलोत. पोरगं आठवीला, त्याला इतिहासाचं लई वेड, धाकटीला फक्त पाण्यात खेळायचंय. तिकडची म्युझियम खरंच बघण्यासारखी आहेत का उगाच धूळ खात पडलेली भांडी? - एक वाचक, मुरूड

उत्तर : धूळही आहे आणि भांडीही आहेत, पण जा. आधी थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि त्याला उचलून पुढच्या वर्षी थेट रत्नागिरीत आणून ठेवलं, का तर तिथून पळून जाणार कुठं, रेल्वे नाही, धड रस्ता नाही, समोर नुसता समुद्र. आधी बरीच वर्षं बंगल्यांत काढली, मग १९१० मधे हा लाल जांभ्या दगडाचा आणि सागवानी लाकडाचा वाडा त्याच्यासाठी बांधून झाला. आणि बिचारा १९१६ मधे गेला, म्हणजे हौसेचा म्हणावा तर वाडा त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाला. राणी सुपयालत नंतर मायदेशी परतली, राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे. पोराला एक गंमत नक्की सांगा, दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, याच इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं आणि तो १८६२ मधे तिथंच वारला. तिकडचा राजा इकडं आणि इकडचा तिकडं. एवढं माहीत असलं की त्या वाड्यातल्या रिकाम्या खोल्या रिकाम्या वाटत नाहीत, नाहीतर लोकं वरच्या मजल्यावर सेल्फी काढतात आणि खाली येतात.

धाकटीसाठी गावातलं मत्स्यालय, कृषी विद्यापीठाच्या समुद्री संशोधन केंद्राचं. तिथं व्हेलचा अख्खा सांगाडा आहे, तो बघून ती पाण्यात खेळायचं दहा मिनिटं तरी विसरेल (व्हेल मासा नसतो हे पोरगं तिला सांगेलच, आठवीतली पोरं गप्प बसत नाहीत). टिळकांचं जन्मघरही गावातच आहे, ते १८५६ चे, घर कोकणी, उतरत्या छपराचं. छोटं आहे, लवकर होतं.

मग गणपतीपुळ्याला जाणारच तुम्ही, सगळेच जातात. तिथं 'प्राचीन कोकण' म्हणून उघड्यावरचं म्युझियम आहे, जुनं गाव, बारा बलुतेदार, सगळे पुतळे करून मांडलेत. खरं सांगू का, मला स्वतःला पुतळ्यांची म्युझियम फार आवडत नाहीत, पण लेकरांना आवडतात आणि आपल्याकडच्या बलुत्याशी ताडून बघायला मजा येते, आपला सुतार तिफण करतो आणि तिकडचा होडी. शेजारीच मालगुंड, केशवसुतांचं घर, कवी १८६६ सालचे, तिथं मराठी कवितेचं छान स्मारक केलंय. मला त्या सगळ्या भागात हीच जागा जास्त आवडली, शेणानं सारवलेलं अंगण आणि शांतता.

वार बघून निघा. सरकारी म्युझियम बहुतेक सोमवारी बंद असतात. मी एकदा साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकत एका म्युझियमच्या दारात सोमवारी उभी होते, वॉचमन म्हणला, आता आलाच आहात तर बाहेरून फोटो काढा.

आता माझं एक ऐका. रत्नागिरी-नागपूर हायवेनं तुम्ही तुळजापूर-सोलापूर-कोल्हापूर करत जाल, पण निघायच्या आदल्या रविवारी तुमच्या मुरूडजवळचं तेर करा. कामून ते खालच्या उत्तरात.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यात शिक्षिका आहे. दरवर्षी पोरांना तेरच्या लामतुरे म्युझियमला नेते. पोरं पंधरा मिनिटांत बाहेर येऊन पेरू खात बसतात. म्हणतात मॅडम नुसती खापरं आहेत. काय करू? - एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, पेरू खाऊ द्या, पण आत जायच्या आधी एक गोष्ट सांगा. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात तिला. त्यात भडोच बंदर येतं, सोपारा, कल्याण, चौल येतात, आणि त्यातच लिहिलंय की भडोचहून वीस दिवस दक्षिणेला पैठण आणि पैठणहून दहा दिवस पूर्वेला तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून गोमेद-अकिकासारखे दगड यायचे, तगरहून साधं जाडंभरडं कापड ढिगानं आणि मलमल, आणि हे सगळं रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदराला न्यायचे. हे तगर म्हणजे आपलं तेर. आधी लोकं दौलताबाद म्हणायचे, जुन्नर म्हणायचे, १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं तेरचं नाव पक्कं केलं.

म्हणजे समुद्र इथून कुठल्या कुठं, आणि तरी इजिप्तकडच्या माणसाला आपल्या गावाचं नाव आणि इथं काय मिळतं ते माहीत. आता पोरांना आत सोडा आणि शोधायला लावा, समुद्रापलीकडून आलेलं काय काय दिसतं. मातीत केलेली रोमन नाण्याची नक्कल शोधा, लोकं ती गळ्यात घालायची, म्हणजे फॉरेनच्या नाण्याचं लॉकेट! हस्तिदंताची बाईची मूर्ती बघा. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेई इथं सापडली, जे शहर ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. अशाच वळणाची आणखी एक आपल्याच जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात निघाली. नीट विचार करा, भोकरदन, तेर आणि इटली, एका ओळीत.

हे म्युझियम उभं राहिलं ते रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहावर. तेरमधलेच गृहस्थ, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या मातीत लोकांना काही सापडलं की ते गोळा करून जपायचे. पैठणचंही तसंच, तिथलं सरकारी म्युझियम बाळासाहेब पाटलांच्या संग्रहातून झालं. आपल्याकडं आधी असं एखादं माणूस येडं होतं आणि सरकार मागून येतं.

खापरांबद्दल म्हणाल तर गाव गोरोबाकाकांचं आहे. कुंभाराच्या गावात खापरं नाही निघणार तर काय निघणार. पोरांना काकांच्या मंदिरातून म्युझियमला न्या, उलटं नको. शिवाय त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ दाखवा, त्याचा मागचा भाग गोल, छत हत्तीच्या पाठीसारखं, काही अभ्यासक ते मूळचं बौद्ध चैत्यगृह मानतात. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट मात्र म्युझियममधेच आहे, लाकूड इतकं जुनं टिकलेलं आपल्याकडं क्वचित बघायला मिळतं, तिच्यापुढं पाच मिनिटं उभं करा.

आणि मुरूडकरांनो, तुम्हाला तेर करा म्हणलं ते यासाठी. पुढं हजारेक वर्षांपूर्वी कोकणावर शिलाहार राजे होते, ठाण्याकडचेही आणि दक्षिणेकडचेही, कोल्हापूरची शाखा वेगळी. हे सगळे ताम्रपटांत स्वतःला काय म्हणवून घेतात, तर तगरपुरवराधीश्वर, तगर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. राज्य समुद्राकाठी, बंदरं ताब्यात, अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं त्यांच्याच काळातलं, आणि मिरवायचे तेरचं नाव. आपण कोकणात गेलो की तिकडचं किती भारी म्हणतो, तिकडचे राजे मात्र आपण तेरचे म्हणून छाती फुगवायचे. हे पोराला समुद्रावर बसून सांगा, वाळूत लिहून दाखवा.

प्रश्न : पैठण तालुक्यात आमचं रान आहे. नांगरताना बारकी जड नाणी निघतात, काळपट, एकावर हत्तीसारखं काहीतरी. भाऊ म्हणतो चिंचेनं घासून विकू. विकली तर चालतंय का? - एक शेतकरी

उत्तर : दादा, घासू तर आजिबात नका. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर काहीच लावू नका, वरचा काळा थर गेला की अक्षरं पण जातात. हत्ती असेल आणि मागच्या बाजूला अधिकच्या खुणेला चार टोकांना चार गोल असतील तर ते सातवाहनांचं असायची दाट शक्यता आहे. त्यांची पुष्कळ नाणी शिशाची असतात, म्हणून जड लागतात, आणि म्हणूनच लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

विकायचं म्हणाल तर नका विकू. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा धंदा लायसन्सशिवाय करता येत नाही, बाहेरदेशी तर नेताच येत नाही. तलाठ्याला सांगा, तहसीलला अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या, ती विसरू नका. कोणत्या गटात, किती खोल, कोणत्या दिवशी निघालं हे वहीत लिहा आणि जागेचा फोटो काढा, कारण नाणं कुठं निघालं हे हरवलं की अभ्यासकाच्या दृष्टीनं अर्धं नाणं हरवलं. तोवर कोरड्या कागदी पाकिटात एकेक वेगळं ठेवा, प्लास्टिकात नको, ओल धरते. भावाला चिंच आमटीत घालायला सांगा.